भरलेली, तरी थकलेली बॅटरी

मीटर १२.६ व्होल्ट (विजेचा दाब मोजण्याचे एकक) दाखवत होता. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली! मग किल्ली फिरवली की जीप नुसती "टक्" का करत होती?

सन २०४८चा दसरा. ऋजुताने बनवलेले धूळमापक अकरा वाजता डोंगरावरच्या हवामान केंद्रातून फुग्याबरोबर आकाशात जाणार होते. आता साडेनऊ झाले होते. घरात गाडी एकच, बापूआजोबांची जुनी पेट्रोल जीप.

"काल खंडेनवमीला पूजेच्या फोटोंसाठी जीपचे दिवे तुम्हीच चालू ठेवलेत," घरातला यंत्रमानव ठोंब्या म्हणाला. "मी तर रात्रभर चार्जिंग केलं. माझी चूक नाही."

"आजोबा, धक्का मारू या ना!" ऋजुता रडकुंडीला आली.

"आणि घाटात बंद पडली तर? आधी बॅटरीलाच विचारू." बापूआजोबांनी उभे आयुष्य बॅटऱ्यांच्या संशोधनात घालवले होते. बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट आहेत हे पाहून त्यांनी पुन्हा मीटर लावला. "ठोंब्या, किल्ली फिरव."

आकडा घसरला, थेट सातवर!

"इंजिन फिरवताना साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली, म्हणजे ही थकली. पाच वर्षं झाली तिला. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा (एका क्षाराचा) कडक थर बसतो. माठ भरलेला, पण तोटी बुजलेली! पाणी आहे, धार नाही. आता बदलायलाच हवी."

दुकानाचा ड्रोन वीस मिनिटांत नवी बॅटरी ठेवून गेला. किल्ली काढली, हातमोजे आणि चष्मे चढवले. ठोंब्या पाना घेऊन अधिक टोकाकडे धावला.

"थांब, शहाण्या! आधी वजा!"

"का हो?" ऋजुताने विचारले.

"गाडीचा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक सोडवताना पाना पत्र्याला टेकला, की मोठी ठिणगी. वजा आधी सोडलं की विजेचा रस्ताच तुटतो."

"मग लावताना उलट? आधी अधिक, शेवटी वजा?"

आजोबांनी पाना तिच्या हातात दिला.

जीप पहिल्याच झटक्यात गुरगुरली. अकराला आठ मिनिटे कमी असताना ते केंद्रावर पोचले. जुनी बॅटरी जीपच्या मागच्या बाजूला होती. परतताना ती दुकानात द्यायची होती. तिचे शिसे वितळवून पुन्हा नवी बॅटरी घडणार होती.

फुगा वर वर गेला. हातातल्या पडद्यावर धुळीचा पहिला आकडा उमटला.

"हवा स्वच्छ आहे!" ठोंब्या ओरडला.

"एका आकड्यावर नको रे ठरवू," ऋजुता म्हणाली. "अजून वर जाऊ दे त्याला."