हॉवीसच्या मापाचं सूत

इडोनी चुलीवर जवाची पेज ढवळत होती. ऑस्बर्टनं पेटी उघडून सुताची लडी काढली. विणकराच्या घरी सुताचं ते काय नवल? पण ही लडी त्यानं तान्हं मूल आणावं तशी दोन्ही हातांवर धरून आणली.

"हॉवीसचं माप आहे," तो म्हणाला. "आजारात घेतलेलं, डोक्यापासून टाचेपर्यंत. याचीच वात घालून एवढ्याच लांबीची मेणबत्ती वॉल्सिंगहॅमच्या मरियम माउलीला वाहीन, असं ती बोलली होती. दुसऱ्याच दिवशी गेली. नवस राहिला की मेलेल्याला वाट सापडत नाही गं. माझा पाय हा असा लंगडा. तू जाशील?"

"जाईन की," इडोनी म्हणाली. आणि पेजेतला डाव जोरानं फिरवू लागली.

हॉवीस त्याची पहिली बायको. इडोनीहून चांगली वीतभर उंच. तिचा निळा झगा अजून खुंटीवर होता. इडोनीनं एकदा चोरून घालून पाहिला, तर जमिनीवर लोळला. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी ऑस्बर्ट झोपेत हाक मारायचा ती हॉवीसलाच. लोणी विरघळावं अशी हाक. तशी हाक इडोनीला जागेपणीही कधी मिळाली नाही.

तो मागावर बसला आणि इडोनीनं ते सूत चुलीत टाकलं. केस जळावेत तसा वास सुटला. मग तिनं दुसरं सूत टाचेखाली दाबलं, डोक्यापर्यंत ताणलं आणि तोडलं. त्याच सुताची वात घालून मेणबत्ती करून घेतली, वेटोळं करून टोपलीत ठेवली.

'माउली, माप माझं आहे,' ती मनात म्हणाली. 'तिला मारायचा तशी हाक मला मारू दे.'

सोबतीला शेजारची गुन्नोरा होती, तोंडाळ विधवा.

"सवतीसाठी पाय झिजवणारी तूच पहिली गं बाई! माझा मेला, तर मी त्याच्या नावानं एक दिवस बियरसुद्धा सोडली नाही."

शेवटचा मैल अनवाणी चालायचा. दोघींनी जोडे काढले. दुपार होती, पण धुकं दाट. चिखल बर्फासारखा गार.

"इडोनी..." मागून गुन्नोराचा आवाज आला, बारीक झालेला. "पाय सुजलेत का गं तुझे?"

"नाही. का?"

"मग हे ठसे..."

इडोनी वळली. ती चालत आली तिथपासून चिखलात लांब, अरुंद ठसे उमटले होते. तिनं एका ठशात आपला पाय ठेवून पाहिला. बोटांपुढे जागा उरली.

"चिखल पसरतो," ती म्हणाली.

"तो आडवा पसरतो गं... लांब नाही होत."

देवळातल्या साधूनं मेणबत्ती लावली. वातीनं पेट घेतला, आणि पुन्हा तोच वास आला. केस जळल्याचा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती घरी पोचली. ऑस्बर्ट दारात उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, जसा दोन वर्षांत कधी उजळला नव्हता.

"हॉवीस," त्यानं हाक मारली. लोणी विरघळल्यासारखी. "आलीस?"

'मी इडोनी' एवढंच म्हणायचं होतं तिला. पण हाक इतकी गोड होती, की तिनं ओ दिली.

आत शिरताना कपाळ दाराच्या तुळईवर आपटलं. रोज जिच्याखालून ती ताठ मानेनं जायची तीच तुळई. तिनं खुंटीवरचा निळा झगा काढून अंगात घातला. काठ बरोब्बर घोट्यावर आला.

"हे बघ पेटीत काय सापडलं," ऑस्बर्ट म्हणाला.

त्याच्या हातात सूत होतं. मेणानं ताठरलेलं, एक टोक काळं. तिनं ते टाचेखाली दाबून वर ताणलं. वीतभर कमी पडलं.

"कुणाचं माप गं हे?"

तिनं तोंड उघडलं. नाव जिभेवर येईना.

"असेल कुणा गेलेल्याचं," म्हणत त्यानं सूत जपून पेटीत ठेवलं.

मागं चुलीपाशी, कुणीच नसताना, पेजेतला डाव हळूहळू फिरत होता...