नाडीचा रकाना

खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद परत सरकवला आणि एका रिकाम्या चौकोनावर पेन टेकवलं.

"आरोग्य दाखल्यावर नाडी लिहिलेली नाही."

"पण डॉक्टरांची सही आहे ना," ती म्हणाली.

"सही आहे, शिक्का आहे, उंची-वजन आहे. नाडी नाही. पाचला खिडकी बंद."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. दोन वर्षं मान मोडून अभ्यास केल्यावर मेडिकलच्या यादीत शेवटचं नाव तिचं लागलं होतं, आणि त्या जागेवर प्रवेश घ्यायचा आज शेवटचा दिवस होता. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. चाळीस घड्याळं कानाशी टिकटिकत असताना ही पोरगी वाढली, तरी सगळीकडे उशिरा पोचायची. हा दाखलाही तिने काल घाईघाईत, न वाचताच फाइलमध्ये कोंबला होता.

"याच आवारात इस्पितळ आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "ओपीडी साडेचारपर्यंत असते. चल."

सकाळपासून मागच्या बाकावर बसलेला मुलगा होता तो. चष्मा, चुरगळलेला सदरा, बगलेत फाइल. त्याचं काम उरकलं असेल असं समजून ती त्याच्यामागे धावत सुटली.

ओपीडीतल्या वयस्क डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं. "शहाण्णव. धावत आलीस वाटतं. बाहेर दहा मिनिटं शांत बस, मग पुन्हा बघू."

ती बाकावर टेकली. तो शेजारी बसला.

"लांब श्वास घे," तो म्हणाला.

"मी शांतच आहे."

"दिसतंय ना. फाइल उलटी धरलीयेस."

तिने पाहिलं, तर खरंच उलटी होती. इतक्या टेन्शनमध्येही तिला हसू फुटलं. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्याच्या बाहीचा तिच्या हाताला ओझरता स्पर्श झाला... आणि काही झालंच नाही अशा थाटात दोघं समोरची भिंत बघत राहिली. तो मग सांगत बसला, की लहानपणी त्याने आत्याच्या मांजरीच्या शेपटीला प्लास्टर घातलं होतं आणि मांजर आठवडाभर घरी जेवायला आली नव्हती. ती ऐकत होती. दहा मिनिटं कधी सरली, कळलं नाही.

आत डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. "एकशे आठ? अगं, बसून वाढली?" त्यांनी चष्म्यावरून उघड्या दाराकडे, बाकावरच्या मुलाकडे पाहिलं आणि मुकाट्याने पहिलाच आकडा लिहून टाकला.

पाचला सहा मिनिटं कमी असताना तिच्या अर्जावर शिक्का पडला. तिचा जीव भांड्यात पडला.

"प्रतीक्षा यादी, क्रमांक एक," कारकुनाने हाक मारली. "जागा भरली बरं का. पुढच्या वर्षी बघा."

"ठीक आहे," तो चष्मेवाला म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "तुला... माहीत होतं?"

"यादी भिंतीवर लावलीय. वाचता येतं मला."

"मग मदत कशाला केलीस?"

"एका रिकाम्या चौकोनाच्या जिवावर डॉक्टर होणं काही पटलं नाही मनाला." त्याने फाइल पिशवीत घातली. चेहरा मात्र पडला होता, तो त्याला लपवता आला नाही. "पहिल्या वर्षाला अभ्यासासाठी हाडांचा सेट घेशील, तो जपून ठेव, घाईबाई. पुढच्या वर्षी मला लागेल."

तिने तो सेट खरोखर जिवापाड जपला. एकेक हाड बाबांच्या दुकानातल्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं. मनगटातलं वाटाण्याएवढं हाड हरवलं, तेव्हा आईला सोबत घेऊन अख्खं घर झाडून काढलं. पण दर वेळी हाडं हातात घेतली की मनाला चुटपुट लागायची. आपल्या जागेवर आज तो असता.

पुढच्या वर्षी तो आला, आणि चांगला वरच्या नंबराने आला. तरी कॉलेजात त्याचं नाव 'वेटिंग'च पडलं. तिने हाडं दिली, नोट्स दिल्या, कँटीनच्या रांगेत त्याच्यासाठी जागा धरली. तो थट्टा करायचा, हसवायचा, आणि बोलणं जरा जवळिकीचं व्हायला लागलं की विषय बदलायचा. शेवटी तिने सरळच विचारलं.

"तुझा माझ्यावर राग आहे का?"

"मुळीच नाही."

"मग असा लांब लांब का?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "तू मला सगळं देत सुटली आहेस. आणखी काही मागितलं, तर तू तेही देशील... उपकार फेडायचे म्हणून. म्हणून मागत नाही."

ती तिरीमिरीत उठून गेली. दोन दिवस बोलली नाही. राग त्याचा नव्हता. त्याला उत्तर काय द्यावं हे न सुचल्याचा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शरीरक्रियाशास्त्राच्या लॅबमध्ये स्टेथोस्कोप परत करायला गेली. बाहेर संथ पाऊस लागला होता. मॅडमनी तिला दारातच पकडलं.

"बरी आलीस. याचा जोडीदार आजारी आहे. बस, याला हात दे."

समोर 'वेटिंग'च बसला होता. त्याने न बोलता तिचं मनगट धरलं आणि तिच्याच हातातल्या, बाबांनी दिलेल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर लावली. मिनिट संपलं.

"एकशे अठरा," तो म्हणाला.

मॅडम वाकल्या. "अंगठ्याने मोजलीस? पहिल्याच तासाला काय सांगितलं होतं? अंगठ्यात आपला स्वतःचा ठोका लागतो. ही तुझी नाडी आहे बाळा, हिची नव्हे."

सगळी बॅच हसली. त्याचे कान लालबुंद झाले. मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या.

"एकशे अठरा?" तिने हळूच विचारलं.

"जिने चढून आलोय."

"लॅब तळमजल्यावर आहे."

तिला एकदम उत्तर सापडलं.

"त्या दिवशी डॉक्टरांनी शहाण्णव लिहिलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मोजली ती एकशे आठ होती. बाकावर दहा मिनिटं स्वस्थ बसून. तेव्हा तू यादीत कोण आहेस, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. तुझा कसला उपकार नव्हता माझ्यावर. नुसता शेजारी बसला होतास... आणि मांजरीची गोष्ट सांगत होतास."

त्याने मान वर केली.

"आता माग, काय मागायचंय ते."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "त्या बाकापासूनच."

"मग अंगठा काढ. तीन बोटं ठेव."

त्याने ठेवली. सेकंदकाटा एकदा फिरला, दोनदा फिरला. पलीकडून मॅडमनी विचारलं, "झाली का मोजून?"

"आकडा चुकला, मॅडम," तो म्हणाला. मग आवाज उतरवून तिला, "परत पहिल्यापासून मोजू?"

"मोज की," ती म्हणाली. "आज मला कुठलीच घाई नाही."