मातेच्या घरचा पाहुणा

“घरात माता आहे, उषा. फोडणीचा वास येऊ देजो नको, अन् कडुलिंब अनवाणी जाऊनच आणजो.”

आईचं हे सांगणं मनात घोळवत मी त्या सकाळी निघाले होते. माझी लहानगी भाची, बेबी, गोवरानं फुलली होती. आमच्या सौंसर गावात त्याला गोवर म्हणत नसत… माता आली म्हणत.

दवाखान्याजवळच्या लिंबाची फांदी उंच होती. मी टाचा उचलल्या, आणि फांदी हळूच खाली आली. कुणीतरी ती धरली होती. गळ्यात डॉक्टरांची नळी, डोळ्यांत हसू.

“माता कोणाकडे आली?”

“भाचीले. तुम्हाले कसं समजलं?”

“शेजारच्या पांढुर्ण्याचा आहे मी. लिंब तोडणारी पोरगी अनवाणी दिसली, का समजते.” मग हसू ओसरलं. “श्वास कसा आहे तिचा?”

“रातभर धापा टाकून राहिली.”

“मी येतो.”

“घरात नाही घेणार तुम्हाले. माता असताना औषध चालत नाही. अन् फोडणीचं जेवलेला माणूस तर…”

“खानावळीचं वरण खाल्लं न,” तो ओशाळला. “लसणाच्या फोडणीचं.”

“मग आंघोळ करून या.” स्वतःच्याच धिटाईचं मला नवल वाटलं.

तो आला. अनवाणी, केसांतून पाणी निथळत. डॉक्टर मुकुंद, नाव सांगितलं त्यानं. आईनं त्याच्या पायांवर लिंबाचं पाणी घातलं आणि नाइलाजानं आत घेतलं. पण तो खाटेजवळ जाऊन म्हणाला, “काय गं बेबी, जीभ दाखव बरं.”

आईचा चेहरा उतरला. “मातेले अगं-तुगं? निघा तुम्ही.”

“माय म्हणा,” मी कुजबुजले. “तिच्या अंगात माता आहे.”

तो गुडघ्यांवर बसला, हात जोडले. “माय, चुकलो. लेकराची छाती जराशी ऐकू देता का?”

बेबीनं मान हलवली. आई बाजूला सरकली.

छाती ऐकून तो आईकडे वळला. “मातेले मी औषध देत नाही, आई. ती तिच्या वेळेनं जाईल. पण छातीत न्यूमोनिया भरला आहे, तो मातेचा नाही. थांबलो तर लेकरू हाती लागणार नाही. सुई टोचत नाही, गोड औषध आहे.”

“अन् माता कोपली तर?”

“कोप माझ्यावर. बेबी उठली, का रामाकोन्याच्या मातेच्या देवळापर्यंत अनवाणी जातो. थंडा नैवेद्य घेऊन.”

“डॉक्टर लोक बोलतात लय,” आई म्हणाली. पण बाटलीसाठी तिनं हात पुढे केला.

मग तो रोज यायचा. न्हाऊन, अनवाणी. जाताना अंगणात रेंगाळायचा. मी तुळशीला पाणी घालत असे.

“तुमच्या घरापायी वरण सुटलं माझं,” एकदा म्हणाला. “अजून काय काय सोडावं लागन?”

“मातेले विचारा.”

“तुम्हाले विचारून राहिलो…”

तांब्या केव्हाच रिता झाला होता. मी तो तसाच धरून उभी होते.

बेबीचा श्वास निवला. एका सकाळी तिनं दहीभात मागितला. त्या दिवशी आई आल्यागेल्याला मान ताठ करून सांगत होती, “आमच्या डॉक्टरनं मातेचा मान राखला.” अन् मला तिचाही तितकाच अभिमान वाटत होता. तिनं देवीही सोडली नाही, लेकरूही सोडलं नाही.

माता निघाली. घरात पुन्हा फोडणी तडतडली. नवसाची आठवण त्याला कुणी दिली नाही. “विसरला असन,” शेजारीण म्हणालीच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो दारात उभा होता. चपला उंबऱ्याशी काढलेल्या. आईनं डबा दिला तसा वजनानं हात खाली गेला त्याचा.

“एवढा नैवेद्य, आई?”

“रस्त्यात भूक लागते. दोघांचं आहे.”

मी आईकडे पाहिलं. ती तुळशीपुढची रांगोळी नीट करत होती… नीटच असलेली.

मी माझ्या चपला त्याच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि त्याच्यामागून वाटेला लागले. त्यानं फक्त चाल हळू केली.