ओलं स्टीअरिंग

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण इतकी घाणेरडी गोष्ट कोणी हौसेने रचत नाही. जे झालं तेच लिहितोय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता, दुपारचे पावणेतीन. गॅरेजचं शटर उघडं होतं आणि बाहेर लख्ख ऊन.

मी स्टीअरिंगची आणि चाकांची कामं करतो. बावीस वर्षं झाली. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालीन, पण दुसऱ्या माणसाचा घाम, थुंकी, केस... नुसतं नाव काढलं तरी मी दोन पावलं मागे सरतो. बायको म्हणते, "तुम्ही चुकून गॅरेजमध्ये आलात. तुम्हाला ऑपरेशन थिएटर हवं होतं." हसा तुम्ही. मीही हसायचो.

माझ्या ताईने एका दलालाकडून जुनी गाडी घेतली. मला न विचारता. राखाडी रंग, नुकताच मारलेला. पंधरा दिवसांत तिचा फोन आला.

"अरे, गाडी सरळ जातच नाही. मी स्टीअरिंग घट्ट धरून असते आणि ती आपल्या मनाने कडेला सरकते. काल पुलावर कठड्याला लागता लागता वाचलो. पिल्लू मागे होती."

पिल्लू म्हणजे माझी भाची. सात वर्षांची. ताई नर्स आहे. रोज त्या लांब पुलावरून आधी पिल्लूला शाळेत सोडते, मग ड्यूटीवर जाते. दुसरा रस्ता नाही.

"शनिवारी आणून ठेव, रविवारी दुपारी घेऊन जा," मी म्हणालो. त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं.

शनिवारी टायरची हवा पाहिली. जॅक लावून चाकं हलवली. चाक वळवणाऱ्या डावीकडच्या टाय रॉडचं टोक सैल होतं, ते बदललं. अलाइनमेंट केली. चक्कर मारून आलो.

फरक शून्य.

स्टीअरिंग तीन बोटं रिकामंच फिरायचं, मग कुठे चाकांना पत्ता लागायचा. आणि अजून एक...

ते चिकट होतं.

कव्हर कापून काढलं तर आत जुन्या घामाचा काळा थर, आणि त्यात दोन पांढरे केस. मला ओकारीच आली. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, घासलं, कोरडं केलं. फडकंही जाळलं.

रविवारी सकाळी दार उघडलं. आत कुबट वास, ओलं फडकं डब्यात विसरल्यासारखा.

स्टीअरिंग पुन्हा ओलं होतं. सगळं नाही... दोनच ठिकाणी. जिथे माणूस दोन हात ठेवतो, तिथे.

काच बंद, दार बंद, किल्ली माझ्या खिशात. छपरातून गळत असेल, मी म्हटलं. पाऊस नव्हता, तरीही म्हटलं.

आता एकच तपासणी राहिली होती. गाडी चारही चाकांवर उभी असताना एकाने आत बसून स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, आणि दुसऱ्याने गाडीखालच्या खड्ड्यात उतरून एकेक जोड हाताने चाचपायचा. जॅकवर लपलेला दोष तिथे हमखास सापडतो. वेळ जातो म्हणून बरेच जण ती टाळतात.

आत बसायला माझा भागीदार होता. त्याला सगळे मुक्या म्हणतात. मुका नाही तो, पण कामात तोंड उघडत नाही. म्हणून आमची ठोक्यांची भाषा आहे. मी खालून पत्र्यावर पाना आपटतो. एक ठोका म्हणजे फिरव, दोन म्हणजे थांब.

मी हातदिवा घेऊन खड्ड्यात उतरलो. वर मुक्या बसल्याचा आवाज आला. एक ठोका दिला.

स्टीअरिंग फिरू लागलं. डावीकडे... उजवीकडे... हळू, एका लयीत. मुक्या एरवी इतक्या सबुरीने फिरवत नाही. बरं वाटलं मला.

टाय रॉड ठीक. बॉल जॉइंट ठीक. मधला दांडा ठीक.

मग स्टीअरिंग बॉक्सवर दिवा धरला. राखाडी रंग तिथवर पोचला नव्हता. खालचा रंग हिरवा होता. आणि बॉक्सच्या स्क्रूवर एक ठिपका होता...

पिवळा.

स्क्रू आवळला की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा, ही माझी खूण. माझीच. दुसरं कोणी देत नाही.

हिरवी गाडी. मला सगळं आठवलं.

चार वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ यायचे. एकटे. त्यांच्या तळव्यांना सतत घाम फुटायचा. आजार होता काहीतरी. बोटांवरून थेंब ओघळायचे. हातात कायम ओला रुमाल. तीनदा आले. "गाडी सरळ जात नाही हो," म्हणायचे.

तिसऱ्या वेळी म्हणाले, "मी आत बसून फिरवतो, तुम्ही खाली बघा. मला घाई नाही."

मला त्या स्टीअरिंगला हात लावायचा नव्हता. त्यांनी धरलेल्या स्टीअरिंगखाली उभंही राहायचं नव्हतं. किळस, दुसरं काही नाही. मी तो स्क्रू अर्धा फेरा आवळला. त्याने दोष जात नाही, थोडे दिवस लपतो. ठिपका दिला आणि म्हणालो, "झालं, काका. बिनधास्त चालवा."

त्यांनी हात पुढे केला होता. मी फडकं शोधायचं नाटक केलं.

महिन्याभरात ते गेले. सरळ रस्त्यावर, भर दुपारी, गाडी कडेच्या खांबावर जाऊन आदळली, त्यांच्याच बाजूने. वय झालं होतं, डोळा लागला असेल, असं लोक म्हणाले. मीही तेच म्हणालो. गाडी कोणीतरी ठोकून-ठाकून, रंग मारून विकली असणार.

खड्ड्यात मी तो ठिपका बघत होतो. वर स्टीअरिंग फिरतच होतं. डावीकडे... उजवीकडे...

तेवढ्यात ओठावर काहीतरी पडलं.

कोमट. खारट.

स्टीअरिंगची दांडी जिथून खाली येते तिथलं रबर फाटलेलं होतं. तिथूनच थेंब पडत होते. ऑइल नव्हतं ते. ऑइलची चव मला माहीत आहे. मी थुंकलो, पुन्हा थुंकलो, पण चव जाईना.

दोन ठोके दिले.

थांबलं नाही.

पुन्हा दोन, जोरात. स्टीअरिंग फिरतच राहिलं, त्याच सबुरीने. आणि मग मला दिसलं. स्टीअरिंग वळलं की चाकांच्या आधी अख्खा बॉक्सच हलत होता. तो गाडीच्या सांगाड्यावर, ज्या चासीवर बसतो, तिलाच भेग होती. उघडायची... मिटायची. आत जुना गंज. चार वर्षांपूर्वीही ती तिथेच होती. पाच मिनिटं खाली उभा राहिलो असतो तर दिसली असती.

मी बोट त्या भेगेवर ठेवलं.

तेव्हा स्टीअरिंग थांबलं.

"काय रे, कोणाला ठोकतोयस?"

ताईचा आवाज. बाहेरून, शटरजवळून.

"मुक्याला," मी म्हणालो. "आत बसलाय तो."

"मुक्या? तो तर इथे नळावर आहे. मी आल्यापासून हातच धुतोय."

मी खड्ड्यातून वर आलो. मुक्या साबण लावत होता. त्या माणसाने त्या दिवशी कामाच्या वेळात तोंड उघडलं.

"बसलो आणि लगेच उतरलो. चिकट होतं रे ते. पहिला ठोका ऐकलाच नाही मी."

गाडीचं दार बंद होतं. सीट रिकामी. सीटवर बसल्याजागी ओला खळगा, आणि स्टीअरिंगवरून थेंब टपकत होते.

"ही काय घाण?" ताई म्हणाली.

"गळतंय कुठेतरी," मी म्हणालो. "गाडी आज मिळणार नाही. उद्या रिक्षाने जा."

चासीला पट्टी मारून वेल्डिंग केलं. बॉक्स नवा टाकला, स्टीअरिंगही नवं. आता गाडी सुतासारखी सरळ जाते. पिल्लू रोज शाळेत जाते. ताईला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही.

त्या म्हाताऱ्या काकांनी माझी भाची वाचवली, एवढं मला कळतं. हात जोडावेत त्यांना. पण आठवण आली की आधी ती खारट चव येते आणि मला थुंकावंसं वाटतं. मग स्वतःचीच शिसारी येते.

हे मी लिहिलं नसतं. पण मागच्या आठवड्यापासून माझे तळवे ओले राहतात. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, ताण असेल. पावडर लावून पाहिली, तिचा नुसता चिखल होतो.

काल एका गिऱ्हाईकाची गाडी चालवून पाहिली आणि किल्ली परत दिली. ती त्याने दोन बोटांनी उचलली. मग फडकं काढून स्टीअरिंग पुसलं. मी समोर उभा असताना.

मी हात पुढे केला होता.

तो खिशात काहीतरी शोधायला लागला.