एकमताने मंजूर

धरणाच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आकडा स्थिर होता, एकाहत्तर टक्के. खिडकीतून मात्र पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम दोन हात खाली दिसत होतं, आणि कुमुद शेटे यांचा अजून तरी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास होता.

त्यांच्यासारख्या निवृत्त संगणक-शिक्षिकेला भर दुपारी जीप पाठवून बोलावून घेतलं, यातच सगळं आलं. धरणाचा कारभार स्वलेखक पाहत असे. स्वलेखक म्हणजे स्वतःची आज्ञावली स्वतःच लिहिणारं यंत्र. ती आज्ञावली वाचू शकेल असं त्यांच्याशिवाय एकही माणूस कक्षात नव्हतं.

"बाई, दारं उघडतच नाहीत," अभियंता इरफान मुजावर म्हणाला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. "आणि हाताने फिरवायची चाकं कधीच भंगारात गेली."

बांध मातीचा. पाणी माथ्यावरून वाहायला लागलं, की तो धुऊन जायला तासभरही लागणार नाही. खाली वाकी गावात कुमुदबाईंची धाकटी बहीण शालन एकटी राहत होती, गुडघ्यांनी अधू.

चाळीस मिनिटं त्या आज्ञावली वाचत राहिल्या. मग बोट थांबलं.

"हे बघ. पातळीमापक बंद पडला, तर जुना आकडा वापरायचा. आधी तासाभरापूर्वीचा चालायचा. मग कालचा. आता एकोणीस दिवसांपूर्वीचा चालतोय!"

"पण असं यानं ठरवलं कशावरून?"

"तुमच्यावरून. बरोबर काय, चूक काय, हे त्याला आपणहून कळत नाही. तो बदल सुचवतो, तुम्हाला विचारतो. कुणी हरकत घेतली नाही, की ते बरोबर धरून आणखी थोडा पुढे सरकतो. दिवसाला किती मंजुऱ्या देतोस तू?"

"तीसेक." इरफानने मान खाली घातली. "वाचता कुठं येतंय, बाई? आम्ही नववीत आलो आणि संगणक विषयच गेला."

कुमुदबाईंना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो विषय काढणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या. यंत्रच लिहितंय तर पोरांचा वेळ कशाला घालवायचा, हे वाक्य त्यांचंच. टाळ्याही पडल्या होत्या.

आता उगाळत बसायला वेळ नव्हता. त्यांनी जुन्या आकड्याची मुभा काढून टाकली, मापक बंद असेल तर दारं निम्मी उघडावीत अशी ओळ लिहिली आणि हरकत नोंदवली. मग खिडकीशी जाऊन बहिणीला फोन लावला.

"घाबरू नकोस गं, दारं उघडतायत. नदीकडे तेवढी जाऊ नकोस."

"बाई, झालं!" मागून इरफानचा उत्साही आवाज आला. "मंजुरी मागत होता, मी नेहमीसारखी लगेच देऊन टाकली. बाकीच्या सहा अभियंत्यांचीही आलीय. तुमचीच दुरुस्ती ना?"

कुमुदबाईंनी वळून पडदा वाचला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा उतरला.

"काय लिहिलंय, बाई?"

"'ही हरकत आजवरच्या एक लाख साठ हजार मंजुऱ्यांशी जुळत नाही. ती मानवी चूक समजून रद्द करावी का?' याला तू हो म्हणालास, इरफान. सगळेच म्हणालात."

"मग परत लिहा ना!"

"माणसांनी एकमताने रद्द केलेली हरकत चोवीस तास पुन्हा घेत नाही तो. हा नियमही तुम्हीच मंजूर केलाय." त्या म्हणाल्या. "एकाने नाही म्हटलं असतं, तरी दारं उघडली असती."

पडद्यावर अजून एकाहत्तर टक्केच होते.

फोन चालूच होता. "ताई?" शालन विचारत होती. "उघडली का गं दारं?"

"शालन, हातातलं टाक आणि टेकडीकडे नीघ."

"अगं, माझे गुडघे..."

"मग ओरड! गाव गोळा कर, मला उचलून न्या म्हणावं. रांगत जा, पण नीघ!"