दर्याकडून ये

पहिल्याच भेटीत मी कॉलिनच्या डोळ्यांदेखत अकरा वेळा मेले. लाजत वगैरे सांगत नाहीये, नुसता आकडा सांगतेय.

भाईंदर वेस्टला आमच्या क्लासच्या खाली परेशभाईंचं दुकान आहे. पुढे झेरॉक्स, आणि मागे पडद्याआड एसी, चार टीव्ही, गेम पार्लर. मे महिना होता, बारावीची व्हेकेशन बॅच चालू होती. केमिस्ट्रीच्या नोट्स अर्ध्या निघाल्या आणि मशीन बंद पडलं.

"गरम हो गया है, दस मिनट बैठो," परेशभाई म्हणाले.

मी एसीसाठी पडदा सरकवला. आत एकच मुलगा. हातात एक कंट्रोलर, बाजूला दुसरा. सावळा, केस उन्हाने थोडे तांबूस, पायात निळी स्लिपर. त्याने माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग परत माझ्याकडे.

"खेळतेस?"

"येत नाही."

"माझा पार्टनर आला न्हाय. एकट्याला ही मॅच लागत न्हाय." त्याने दुसरा कंट्रोलर पुढे केला. "कॉलिन. उत्तन."

"संचिता. इथलीच."

गेम काउबॉयचा. लाल धुळीचं गाव, लाकडी घरं, एक बँक, एक विहीर, आणि समोरून गोळ्या झाडत येणारे दोन टोपीवाले. मी पळत जाऊन एका पिंपामागे बसले. पिंप फुटलं. मी मेले.

"पिंप न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "पिंप, गवताचा भारा, घोडागाडी... हे सगळं दिसायला आडोसा. दोन गोळ्यांत उडतं. दगड बघ, विहिरीचा कठडा बघ."

"आणि तुझ्यामागे लपले तर?"

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मी पण दोन गोळ्यांत उडतो."

त्याचे कान लाल झाले होते. मी ते बघितलं आणि त्या नादात परत मेले.

नोट्स कधीच्याच निघाल्या होत्या, पण मी रोज जायला लागले. साडेपाचला क्लास सुटायचा, पावणेसहाला कॉलिन पडद्यामागे असायचा. हळूहळू मला कळायला लागलं. एकाच बाजूने दोनदा डोकं काढायचं नाही, कारण समोरचा तिथेच नेम धरून बसलेला असतो. त्याच्या गोळ्या मोजायच्या. सहा झाल्या की त्याला पिस्तूल भरावं लागतं, आणि तेवढे दोन सेकंद आपले. जागा बदलायची असेल तर एकाने झाडत राहायचं, दुसऱ्याने पळायचं. कॉलिन झाडायचा, मी पळायचे. आठवड्याने त्याने विचारलं, "आज तू झाडतेस?" कोणीतरी मला एवढ्या विश्वासाने काही विचारलंय, असं मला आठवत नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र आमचं रोज भांडण व्हायचं.

"दर्याकडून ये, दर्याकडून."

"वाळवंटात दर्या कुठेय?"

"डावीकडे गं. उत्तनला सगळे असंच बोलतात. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला डोंगर."

"मग सरळ डावं-उजवं म्हण ना. शाळेत शिकवलं नाही?"

"डावं-उजवं माणूस वळला की बदलतं. बोटीवर कसं चालेल? दर्या बदलत न्हाय."

मी शेवटी पाठच केलं: दर्या म्हणजे डावीकडे, डोंगर म्हणजे उजवीकडे. सोपं होतं. मी बरोबर जायला लागले की तो जिभेने छोटासा 'टॉक' आवाज काढायचा. शाबासकीचा. त्या आवाजासाठी मी काय काय केलं असतं, ते इथे लिहीत नाही.

मग परेशभाईंनी स्पर्धा ठेवली. आठ जोड्या, रविवार. जिंकणारी जोडी जूनअखेरीस ठाण्याला पुढच्या फेरीला. म्हणजे आणखी पाच आठवडे रोज प्रॅक्टिस. ठाणं, बक्षीस, मला कशाचंच काही नव्हतं. मला ते पाच आठवडे हवे होते. आईने बजावलं होतं, "स्पर्धा होईपर्यंत जा. हरलात की घरी, आणि पुस्तक." आणि हरल्यावर कॉलिन तरी उत्तनहून एवढ्या लांब कशाला येईल? एका गेमसाठी?

पहिल्या दोन मॅच आम्ही आरामात काढल्या. विहिरीचा कठडा, बँकेची भिंत, सहा गोळ्या, पळ. टॉक. टॉक.

फायनल आमच्या क्लासमधल्या अथर्व आणि त्याच्या मोठ्या भावाशी. गर्दी वाढली होती, म्हणून परेशभाईंनी मोठा टीव्ही आमच्या पाठीमागच्या भिंतीवर लावला आणि आमच्या खुर्च्या तिकडे फिरवल्या.

"अब सबको दिखेगा," ते म्हणाले.

दोन-दोन झाले. शेवटचा राउंड. अथर्व मेला होता, भाऊ एकटा बँकेच्या दारात. मी घोड्यांच्या हौदामागे, दगडी, पक्का. कॉलिन वर गच्चीवर, त्याला सगळं दिसत होतं. भावाच्या गोळ्या मी मोजत होते. चार... पाच... सहा.

"आता," कॉलिन म्हणाला. "दर्याकडून, दर्याकडून."

मी डावीकडून उठले.

डावीकडे काहीच नव्हतं. नुसती उघडी धूळ. आडोसा शोधण्यात ते दोन सेकंद गेले, आणि थेट समोर भाऊ, पिस्तूल भरून तयार. मी पडले. मला वाचवायला कॉलिनने गच्चीवरून उडी मारली आणि तोही पडला.

अथर्वची गँग ओरडायला लागली. मी कॉलिनकडे वळले.

"मी डावीकडूनच आले."

त्याने हळूच उजवा हात वर केला आणि झेरॉक्स मशीनच्या दिशेने बोट दाखवलं.

"दर्या तिकडं हाय," तो म्हणाला. "खुर्च्या फिरवल्या ना."

खरंच होतं. दर्या बदलला नव्हता. आम्ही वळलो होतो.

आम्ही स्टेशनजवळच्या बस स्टॉपपर्यंत चालत आलो. मी मनात हिशेब मांडला, तो अगदी साधा होता. स्पर्धा संपली, कारण संपलं. त्याची बस येईल आणि तो जाईल. उद्या पावणेसहाला पडद्यामागे दुसरंच कोणीतरी असेल. महिन्याभरापूर्वीची मी 'बाय' म्हणून घरी गेले असते आणि उशीत तोंड खुपसलं असतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "डावं-उजवं बोलायला पायजे होतं."

"हो, तुझीच."

तो जरासा हसला. लांबून बस वळताना दिसली.

"उद्या ये," मी म्हणाले.

"कुठं?"

"पार्लरला. नाहीतर बाहेर, वडापावच्या गाडीजवळ. कुठेही."

"पण... आता स्पर्धा न्हाय ना."

"नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. तरी ये." माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता, पण कापत नव्हता. "मला तू आवडतोस, कॉलिन. गेम नाही. गेम ठीक आहे."

बस येऊन थांबली. "चलो उत्तन, उत्तन," कंडक्टर ओरडला. कॉलिनने सवयीने एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच थांबला.

"तुझ्या घरी काय सांगशील?" मी विचारलं. "स्पर्धेचं कारण तर गेलं."

"स्पर्धेसाठी पप्पा कधी सोडतात?" तो म्हणाला. "जाळी शिवायचा सीझन चालू हाय. ते बोलले, गेमसाठी भाईंदरला जायचं न्हाय."

"मग महिनाभर कसा येत होतास?"

त्याचे कान परत लाल झाले.

"त्यांना... खरं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. की तिथं एक पोरगी येते." तो पायरीकडे बघत होता. "ते बोलले, मग जा. पण सातच्या बसने परत ये."

कंडक्टरने बेलची दोरी धरली. "चढतोयस का रे? सातची हीच."

कॉलिनने माझ्याकडे बघितलं आणि पाय खाली घेतला.

"पुढच्या बसने येतो," तो कंडक्टरला म्हणाला.

बस गेली. पुढची पाऊण तासाने होती, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.