मुका शॉट

१९५७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सात दिवसांत एक चित्रपट उरकला. ऑर्विल टेंचच्या कंपनीत चित्रपट बनत नसत, उरकले जात. कातडी जाकिटं घातलेली टोळकी, चाकू, चोरीच्या गाड्या, आणि शेवटच्या पाच मिनिटांत न्यायाधीशाचं प्रवचन. प्रवचन असलं की पाद्री आणि आईबाप गप्प बसतात, हे टेंचला पक्कं ठाऊक होतं. शहरातली निम्मी पोरं मैदानातल्या उघड्या पडद्यासमोर मोटारीत बसून असले चित्रपट बघायची आणि त्यातल्यासारखे केस वळवायची.

मी त्याची संकलक, आर्डिथ लुंडीन. माझी खोली सांता मोनिका बुलेव्हार्डच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली. दुपारी इतकं तापायचं की फिल्म जोडायचा डिंक ब्रशवरच वाळून जायचा. अकरा वर्षं मी तिथं काढली होती.

त्या चित्रपटात नेडा झुविच नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. सॅन पेड्रोची. वडील बोटीवर वारलेले, आई टूना माशांच्या कारखान्यात डबे भरायला. तिला घेतलं होतं गर्दीत उभं राहायला. पण तिला गाडी चालवता येते असं कळल्यावर टेंचनं नायिकेचा विग तिच्या डोक्यावर चढवला आणि तिला गाडीत बसवलं. धोक्याची कामं करणारा सराईत ड्रायव्हर आणायचा राहूनच गेला.

मंगळवारी पहिला प्रयत्न झाला. गाडी भरधाव यायची आणि खडूच्या रेघेवर थांबायची. दुसऱ्या दिवशी धुऊन आलेलं रीळ मी पाहिलं. गाडी रेघेवर थांबली नाही. दिव्यांजवळची माणसं उड्या मारून बाजूला झाली. नेडा सीटला पाठ रोवून सगळं अंग पायावर टाकत होती, तरी गाडी बरीच पुढं जाऊन कुंपणाला टेकली. मग ती खिडकीतून वाकून टेंचला काहीतरी म्हणाली. शॉट मुका होता. गाडीच्या शॉटला आम्ही मायक्रोफोन लावतच नसू, आवाज मागाहून भरायचे. तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. टेंच हसला आणि त्यानं हात उडवला.

मी ते रीळ चार वेळा पाहिलं आणि टेंचकडे गेले.

"गाडीचे ब्रेक कुणाला तरी दाखवा," मी म्हटलं.

"आर्डिथ, तू कात्री चालव. गाड्यांचं मी बघतो."

गुरुवारी तोच शॉट पॅलोस व्हर्डीसच्या कड्यावर घेतला. खाली समुद्र. गाडी थांबली नाही.

कॅमेरा मात्र शेवटपर्यंत चालू होता.

टेंचनं पोलिसांना सांगितलं की पोरीनं मजेखातर स्वतःच गाडी पळवली, मित्रांपुढं शान मारायला. पेपरात आलं, 'थरारापायी तरुणीनं जीव गमावला.' जणू तीही आमच्याच चित्रपटातली एक उनाड कार्टी. शुक्रवारी सकाळी टेंच माझ्या खोलीत आला. मंगळवारचं रीळ जाळायला सांगितलं आणि गुरुवारचा शॉट चित्रपटात घ्यायला. "असलं दृश्य पुन्हा मिळायचं नाही," म्हणाला. मिशीवर अंड्याचा बलक लागलेला होता. अजूनही मला त्याचा चेहरा आठवतो तो तसाच.

मी ते रीळ तुकडे तुकडे करून मागच्या भट्टीत टाकलं. का? नोकरी जाईल म्हणून. याहून बरं कारण असतं तर सांगितलं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी ध्वनी बसवायला क्लेम ब्रॅटन आला. क्लेम साठीकडे झुकलेला, दारू न पिणारा, तक्रार न करणारा माणूस. गाडीचा घरघराट त्यानं आपल्या जुन्या ब्यूइकचाच आणला होता, शहराबाहेरच्या खोऱ्यातल्या रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं मुद्रित केलेला. आम्ही तो गुरुवारच्या शॉटखाली लावला. इंजिनाच्या आवाजात मधेच कुणीतरी श्वास घेतला.

"हा तुझा?" मी विचारलं.

"मी बाहेर उभा होतो. मायक्रोफोन इंजिनापाशी."

आम्ही ती पट्टी फेकून दुसरी लावली. या खेपेस श्वासानंतर एक शब्द आला. 'मिस्टर.' मुलीचा आवाज, जरा घाईचा.

क्लेमनं चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी घरच्या गॅरेजात, बायकोला माहेरी धाडून त्यानं तिसरी पट्टी बनवली. ती त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदाच लावली. खोलीत गरम सेल्युलॉइडचा वास होता, आणि शेजारच्या गल्लीत कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

"मिस्टर टेंच, ब्रेक लागत नाहीयेत. पाय पार खालपर्यंत जातोय."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. आवाजाला घाबरले नव्हते मी. ते ओठ मला पाठ होते. ती वाकली किती वेळ, 'मिस्टर'ला तोंड कसं मिटलं, शेवटी हनुवटी कशी खाली गेली, सगळं मी चार वेळा बघितलं होतं. वाक्य त्या ओठांवर चपखल बसत होतं. आणि ते ओठ ज्या फिल्मवर होते ती मीच जाळली होती.

टेंचला बोलावलं. त्यानं उभ्या उभ्या ऐकलं.

"कोण ही पोरगी? चांगलं बोलते. पण काढून टाका."

"निघत नाही, ऑर्विल," क्लेम म्हणाला.

"मग काहीच लावू नका. शॉट मुका जाऊ दे. मुका जास्त टोचतो."

आम्ही त्या जागी कोरी पट्टी जोडली. कारखान्यातून आलेली, कशावरही न लावलेली. चालवून पाहिली. शांतता होती. क्लेम उठला, टोपी घेतली, आणि पुन्हा कधी आमच्या गल्लीत दिसला नाही.

सप्टेंबरच्या एका शनिवारी दुपारी दोनला, ग्लेनडेलच्या एका थिएटरात टेंचनं पोरांपुढं खेळ लावून पाहिला. चारशे पोरं. पॉपकॉर्नची रिकामी खोकी उडत होती, शिट्ट्या चालल्या होत्या. पडद्यावरच्या गुंडाला कुणी ओरडून सांगत होतं, "मागं बघ, बावळटा!" टेंच शेवटच्या रांगेत खुशीत बसला होता, मी त्याच्या शेजारी.

गाडीचा शॉट आला. आवाज बंद झाला.

पोरंही गप्प झाली. एकदम, बटण दाबल्यासारखी.

पुढच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, "मिस्टर टेंच."

मग तिच्या शेजारच्यांचा. मग मागच्या रांगेचा.

मग सगळ्यांचा. मोठ्यानं नाही. शाळेत सकाळी छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणतात तशा एका सुरात.

"ब्रेक लागत नाहीयेत."

टेंच उठून उभा राहिला.

"पाय पार खालपर्यंत जातोय."

गाडी कड्यावरून गेली. शॉट संपला.

लगेच कुणीतरी खिदळलं. शिट्ट्या जिथं थांबल्या होत्या तिथूनच सुरू झाल्या. मी धावत पुढच्या रांगेपाशी गेले. दातांना तार लावलेली एक मुलगी होती.

"आत्ता काय म्हणालीस तू?"

"मी? काही नाही म्हटलं. बाई, बाजूला व्हा ना, दिसत नाहीये!"

टेंचनं मला बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी गाठलं. चेहरा पांढरा, पण बोलायची तऱ्हा तीच.

"तू शिकवलंस पोरांना. किती दिवस घोकून घेतलंस?"

तेव्हा माझ्यातलं काहीतरी फाटलं. अकरा वर्षं ज्या तोंडानं 'हो, ऑर्विल' म्हटलं होतं, त्याच तोंडानं मी किंचाळले. ब्रेक गेलेत हे याला मंगळवारी माहीत होतं, तिनं याला सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, आणि पुरावा मी जाळला, मी! काउंटरवरची बाई हातात खोकं धरून तशीच उभी. टेंचनं इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "बाईला ऊन लागलंय."

सोमवारी मी मृत्यूची चौकशी करणाऱ्या कचेरीत जाऊन जबानी दिली. थिएटरातलं काही बोलले नाही, मंगळवारचंच सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "ते रीळ कुठंय?" मी खरं सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावलं. पेपरात सतराव्या पानावर चार ओळी आल्या की मुलीनं गाडी पळवली नव्हती, 'असा एका माजी कर्मचारी स्त्रीचा दावा आहे'.

ते कात्रण घेऊन मी सॅन पेड्रोला गेले. मिसेस झुविच कारखान्याची पांढरी टोपी घालूनच दारात आल्या. हातांना माशांचा वास होता. मी सगळं सांगितलं, भट्टीचंही.

"तिनं सांगितलं होतं त्याला?"

"हो."

"नीट सांगितलं होतं ना? उर्मटपणे नाही?"

"मिस्टर म्हणून."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. सबंध हातानं, कानात सूं झालं. मग दारातून बाजूला झाल्या.

"आत या. माणसं बघतायत."

कॉफी दिली. मी ती प्यायले. आम्ही दोघी रडलो नाही. दोघींच्या अंगात तेवढी जागा नव्हती, रागानंच सगळी व्यापली होती.

चित्रपट लागलाच. हिवाळ्यापर्यंत चालला. गाडीच्या शॉटला पोरं फार शांत बसतात, असं थिएटरवाले टेंचला कौतुकानं कळवायचे म्हणे. मी पुढं शाळांसाठी दंतमंजनाचे आणि रहदारीचे माहितीपट कापू लागले.

दोन वर्षांनी मेक्सिको सिटीहून एक पत्र आलं. टेंचनं चित्रपट तिकडं विकला होता आणि तो स्पॅनिशमध्ये करायचं काम चाललं होतं. त्यांच्याकडं आम्ही नुसत्या गोंगाटाची ध्वनिपट्टी पाठवत असू, तिच्यात बोलणं काहीच नसे. डब्यावर माझं नाव होतं, म्हणून पत्र फिरत फिरत मला मिळालं. लिहिणाऱ्या बाई तिथल्या ध्वनिविभागाच्या प्रमुख होत्या. अदबीचं, टंकलेलं पत्र.

गाडीच्या दृश्यातला मुलीचा आवाज तुम्ही आधीच स्पॅनिशमध्ये भरून पाठवलात, आभारी आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. उच्चार स्वच्छ आहेत. एकच अडचण आहे. ब्रेकबद्दलचं वाक्य संपल्यावर मुलगी थांबते, समोरचा काही बोलतोय ते ऐकल्यासारखी, आणि मग "बरं, साहेब," म्हणते. त्या साहेबांचं बोलणं आमच्या पट्टीवर आलेलं नाही. ते वेगळं पाठवणार आहात का?